वाकड्या पानाचा ठसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दस्तऐवज जतन केंद्राचे प्रमुख माननीय साहेब, व्यासपीठावर बसलेले बाईंचे थोरले बंधू आणि घड्याळ दुरुस्तीत ज्यांचे आयुष्य गेले ते आदरणीय दादा, आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना आपण समोर बाई आणि पाठीमागे ताळेबाई म्हणतो त्या पडताळणी विभागाच्या प्रमुख, तसेच स्कॅनिंग, बांधणी आणि गोदाम या विभागांतले माझे सहकारी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी हे भाषण कागदावरून वाचणार आहे आणि मधे वर बघणार नाही, याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो. व्यासपीठावर कोण बसणार याची यादी मला साहेबांनी दोन दिवस आधी दिली होती, तिच्यावरून नावे घेतली आहेत. कोणी ऐनवेळी आले नसेल तर त्यांनाही नमस्कार.

साहेबांनी मला बोलावून सांगितले, "तू शुद्ध लिहितोस. नोटिसा तूच लिहितोस. भाषणही तूच कर." मी म्हटले, "साहेब, मी दहावीच्या परीक्षेला बसलेलोसुद्धा नाही." साहेब म्हणाले, "मग काय झालं? निरोप द्यायला कुठे मार्कलिस्ट लागते?" मला बहुतेक वेळा उत्तर दुसऱ्या दिवशी सुचते.

माझा स्वभाव मला माहीत आहे. लिहिलेले एक आणि माईकसमोर बोललेले दुसरे, असे माझ्याकडून होऊ शकते. म्हणून मी बाईंच्याच विद्येचा आधार घेतला आहे. हे भाषण लिहून झाले की मी त्याचा ठसा काढणार, तो एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालणार आणि ते पाकीट समारंभाच्या आदल्या संध्याकाळी बाईंच्या हातात देणार. आपण हे ऐकत असाल तेव्हा पाकीट त्यांच्या पर्समध्ये असेल. ते घेताना बाई काय म्हणाल्या, हे मात्र मी इथे सांगू शकत नाही, कारण हे लिहिताना ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

ठसा म्हणजे काय, हे दादांसाठी आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडे सांगणे माझे कर्तव्य आहे. संगणकवाले त्याला हॅश म्हणतात. बाई ठसा म्हणतात.

आपण शाळेत गुणाकार केला की ताळा पाहत होतो, आठवते का? आकड्यांची बेरीज करायची, एक अंक उरेपर्यंत करायची आणि जुळते का बघायचे. बाईंचे टोपणनाव त्यावरूनच पडले. मी कामाला लागल्यावर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, "बावन्नचा ताळा किती?"

"सात."

"आणि पंचवीसचा?"

"सात."

"मग बावन्नच्या जागी कोणी पंचवीस लिहून ठेवलं, तर तुझ्या ताळ्याला कळेल?"

बाई म्हणाल्या, "शाळेतला ताळा चुकणाऱ्यासाठी असतो. लबाडी करणाऱ्यासाठी वेगळा लागतो."

तो वेगळा ताळा म्हणजे ठसा. पान स्कॅन झाले की संगणकाच्या दृष्टीने ती आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. ती ओळ एका ठरलेल्या कृतीतून जाते आणि शेवटी चौसष्ट चिन्हे बाहेर पडतात. चिन्हे म्हणजे शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरे. एक चिठ्ठी घाला, चौसष्ट. हजार पानांचा ग्रंथ घाला, तरी चौसष्टच. तेच पान उद्या घाला, दहा वर्षांनी घाला, दुसऱ्या गावातल्या संगणकात घाला, तीच चौसष्ट चिन्हे येतात. आणि पानावरचा एक ठिपका जरी बदलला, तरी सगळी चौसष्ट विस्कटतात.

आपल्या टाचणीकाकांना हे पटत नव्हते. पाहुण्यांसाठी सांगतो, स्कॅन करण्याआधी जुन्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढणे हे काकांचे काम. बोटे सगळी टोचलेली. काका म्हणाले, "बाई, एवढ्याशा ठिपक्यानं एवढा तमाशा कशाला? आणि ठसा आहे म्हणता, तर ठशावरून उलटं जाऊन पान काढता नाही का येणार?"

बाईंनी त्यांना मधल्या सुट्टीत कागद दिला. "काका, एक दोन आकडी संख्या मनात धरा. तिला तिनंच गुणा. चार आकडे येतील, त्यातले मधले दोन ठेवा, कडेचे फेकून द्या. काय उरलं?"

काकांनी बराच वेळ घेतला. "छत्तीस."

"काका, तुमची संख्या सदतीस होती की एकोणीस?"

काका चकित झाले. सदतीसला सदतीसने गुणले की तेराशे एकोणसत्तर, मधले छत्तीस. एकोणीसला एकोणीसने गुणले की तीनशे एकसष्ट, पुढे शून्य लावून चार आकडे केले की मधले पुन्हा छत्तीस. बाई म्हणाल्या, "बघा, मलाही दोन्हीतलं कोणतं ते सांगता येत नाही. कडेचे आकडे फेकले तिथेच परतीची वाट मोडली. खरी कृती असं काही एकदा करत नाही. पानाचे सारखे तुकडे करते, पहिला तुकडा ढवळते, त्यातून जे निघालं ते दुसऱ्यात मिसळून पुन्हा ढवळते, असं शेवटपर्यंत. पहिल्या तुकड्यातला ठिपका बदलला की पुढचं सगळं ढवळणं बदलतं."

"पण मग सदतीस आणि एकोणीस यांचा ठसा एकच झाला की," काका म्हणाले. "लबाडाची सोयच झाली."

"माझ्या या खेळात झाली. त्यात उत्तरं शंभरच आहेत. खऱ्या ठशात एकावर सत्त्याहत्तर शून्यं द्याल तेवढी आहेत. एकच ठसा असलेली दोन पानं कुठेतरी असणारच, पण ती आजवर कोणाला सापडलेली नाहीत."

काका म्हणाले, "म्हणजे पान हरवलं की ठसा घेऊन बसा."

बाई म्हणाल्या, "हो. ठसा पान परत देत नाही. समोरचं पान तेच आहे की नाही, एवढंच सांगतो."

इथे आपल्यापैकी काही जणांना कंटाळा आला असेल असे धरून मी पुढे जातो.

आपल्या केंद्राची रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. कागद येतो, काका टाचण्या काढतात, पान स्कॅन होते, लगेच ठसा निघतो आणि तो रजिस्टरमध्ये शाईने लिहिला जातो. त्यानंतर कागद लगद्यात जातो. पुढे कोणाला ते पान पुरावा म्हणून हवे असेल, तर बाई त्याचा ठसा नव्याने काढतात आणि रजिस्टरशी ताडून पाहतात. रजिस्टरमध्ये शेवटचे दोन रकाने आहेत: जुळते, जुळत नाही. तिसरा रकाना नाही. मी एकदा विचारले होते, "थोडंसं जुळतं असं असलं तर?" बाई म्हणाल्या, "थोडंसं जुळतं असं नसतंच."

बाईंच्या नियमाचे कौतुक सगळेच करतात. मागच्या वर्षी एक शिंपीदादा आपल्या दुकानाच्या जागेचा कागद मागायला आले होते. त्यांचे पान जुळले नाही. कोणाच्या हातून काय झाले ते कळले नाही. पडद्यावर पान दिसत होते, सही दिसत होती. शिंपीदादा दोन तास बाकावर बसून राहिले आणि टोपी हातात घेऊन गेले. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही, पण रकानाही बदलला नाही.

आता दादांकडे वळतो. दादा बाईंपेक्षा सतरा महिन्यांनी मोठे आहेत. पण कागदोपत्री बाई दादांपेक्षा सात महिन्यांनी मोठ्या आहेत. हे कसे झाले, ते बाईंनीच आम्हाला हसत हसत सांगितले होते. शाळा लांब होती. दोघांनी एकाच वर्गात बसावे, हात धरून एकत्र जावे-यावे, म्हणून वडिलांनी लेकीचे वय शाळेत दोन वर्षे वाढवून सांगितले. घाईत मुलाच्या तारखेचा विचार त्यांनी केला नाही. तेव्हापासून काही हट्ट करायचा असला की दादा बाईंना म्हणतात, "ताई, तू मोठी आहेस, तूच समजून घे."

इथे आपण हसला असाल. मीही दर वेळी हसत असे.

नोकरीला लागताना बाईंनी ही चूक दुरुस्त करून घेतली होती. प्रसूतिगृहाचा दाखला त्यांनी आपल्या सेवापुस्तकाच्या तिसऱ्या पानावर चिकटवला, त्यावर त्या वेळच्या अधिकाऱ्यांची सही आणि शिक्का होता. ते प्रसूतिगृह पुढे बंद पडले. सेवापुस्तके चार वर्षांपूर्वी आपल्याच केंद्रात स्कॅन झाली आणि कागद लगद्यात गेले. म्हणजे बाईंचे खरे वय सांगणारी जगातली एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे ते स्कॅन केलेले तिसरे पान.

दोन महिन्यांपूर्वी आस्थापना शाखेने शाळेच्या दाखल्यावरून बाईंना निवृत्तीचे पत्र पाठवले. बाई जराही घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "तिसरं पान मागवून घेते. दोन वर्षं आहेत अजून माझी. खालच्या खोलीतल्या अकराशे पेट्या कोण बघणार?" पान पडताळणीला आले. पडताळणी विभाग म्हणजे बाईच. म्हणजे बाईंचे पान बाईंच्याच टेबलावर आले.

आम्ही सगळे टेबलाभोवती उभे होतो. बाई रजिस्टर वाचत होत्या आणि काका पडदा वाचत होते. बाई म्हणाल्या, "सात." काका म्हणाले, "बी." बाई थांबल्या. म्हणाल्या, "पुन्हा काढ." मी पुन्हा ठसा काढला. काका म्हणाले, "बी." तीन वेळा काढला. राखीव प्रतीचाही काढला. ती प्रत दर आठवड्याला मूळ फायलीवरूनच होते, त्यामुळे तिचाही तोच आला.

काका म्हणाले, "बाई, पान समोर दिसतंय की. तारीख दिसतेय. शिक्का दिसतोय. जगात कोण म्हणेल हे तुमचं पान नाही?"

बाई म्हणाल्या, "मलाही दिसतंय, काका. शिंपीदादांनाही दिसत होतं."

आणि त्यांनी स्वतःच्या नावापुढे, शेवटच्या रकान्यात, "जुळत नाही" असे लिहून खाली सही केली. अक्षर नेहमीसारखेच होते. मग टोपण लावून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिले. "फायलीला कोणी हात लावला होता का? मी रागावणार नाही. ज्याच्या हातून झालं त्यानं तीस दिवसांत लेखी खुलासा दिला, तर पान पुन्हा विचारात घेतात. तशी तरतूद आहे."

मी टेबलावरच्या पंचिंग मशीनकडे बघत होतो.

अध्यक्ष महाराज, त्या फायलीला मी हात लावला होता.

मी कामाला लागून तेव्हा तीनच महिने झाले होते. सेवापुस्तकांच्या फायली चाळताना बाईंचे पान दिसले. स्कॅन होताना ते यंत्रात तिरके गेले होते, दोनेक अंशांनी, आणि कडेला काळी पाचर आली होती. बाकीची पाने सरळ होती. मला वाकडे काही बघवत नाही. घरी आई म्हणते, हा जेवायला बसण्याआधी ताटसुद्धा सरळ करतो. मला वाटले, सगळ्यांची पाने सरळ आणि आपल्या बाईंचे तेवढे वाकडे, हे बरे दिसत नाही. मी ते दोन अंशांनी फिरवले, काळी पाचर कापली आणि त्याच नावाने जतन केले. ठसा आधीच निघून शाईने लिहिला गेला होता, हे मला माहीत होते. पण ठसा अक्षरांचा असतो असे मी तेव्हा समजत होतो, आणि मी एकाही अक्षराला धक्का लावला नव्हता. मला इतके बरे वाटले होते की त्या दिवशी मी घरी चालत गेलो.

आपण म्हणाल, मग त्या दिवशी टेबलाजवळ का बोलला नाहीस? मला वाटले, बोलण्याची गरजच पडणार नाही. दोन अंश उजवीकडे फिरवले होते, तर दोन अंश डावीकडे फिरवायचे आणि काळी पाचर पुन्हा लावायची. ठसा जुळेल, बाईंना त्यांची दोन वर्षे मिळतील आणि कोणाला काही कळणार नाही. माझ्या हातात तीस दिवस होते.

रोज सकाळी सात वाजता मी झाडूवाल्या मावशींकडून किल्ली घेत होतो आणि नऊपर्यंत पान फिरवत होतो. दोन अंश. मग एक पूर्णांक नव्वद शतांश. मग एक्याण्णव. एकदा फिरवलेले पान उलट फिरवले की डोळ्यांना पहिल्यासारखे दिसते, पण ठिपके पहिल्या जागी परत जात नाहीत. प्रत्येक फिरवण्यात काही ठिपके शेजाऱ्यात मिसळतात. हे मी पुढे वाचले. तोवर मी वहीत एक एक ठसा लिहीत होतो. कुलूप उघडताना किल्ली थोडी अडते, थोडी सरकते, आपण जवळ आलो हे हाताला कळते. दादा घड्याळाचे काटे लावतात तेव्हा त्यांनाही ते कळत असेल. इथे काही कळत नाही. अगदी जवळचे पान आणि अगदी लांबचे पान, दोन्हींचे ठसे सारखेच परके दिसतात.

बाराव्या दिवशी पहिली तीन चिन्हे जुळली. जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना सहज विचारल्यासारखे विचारले, "बाई, समजा एखाद्या ठशाची पहिली तीन चिन्हं जुळली, तर एकसष्टच राहिली ना?"

बाई पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नाही रे. चौसष्टच्या चौसष्ट राहिली. शोधणाऱ्याला आपण जवळ आलोय हे कधी कळत नाही, आणि म्हणूनच त्याला थांबताही येत नाही." मग डब्याचे झाकण लावत म्हणाल्या, "सकाळी लवकर येतोस म्हणे. नाश्ता करून येत जा."

त्यांना कळले होते का? मला सांगता येत नाही. त्यांनी तेव्हा स्पष्ट विचारले असते, तर मी सांगितले असते असे मला वाटते. पण मी हेही जाणतो की त्यांनी एकदा विचारले होते.

मी थांबलो नाही. एक हजार नऊशे चौदा ठसे काढले. माझ्या वहीत एकाही ओळीत खाडाखोड नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी मी वही मिटली आणि खुलासा लिहायला घेतला. तो घेऊन आस्थापना शाखेत गेलो. तिथल्या बाबूंनी तो नीट वाचला, म्हणाले, "अक्षर छान आहे," आणि मुदतीची ओळ बोटाने दाखवली. मी म्हटले, "एकच दिवस झालाय." ते म्हणाले, "मला दिसतंय. पण थोडीशी मुदत असं काही नसतं." मला या केंद्रात चार वर्षे जे शिकवले गेले, तेच ते बोलत होते.

त्या खुलाशाची एक प्रत साहेबांच्या टेबलावर भाषणानंतर ठेवणार आहे. शिक्षा काय व्हायची ती होवो. तिने काही सरळ होणार नाही, आणि काही वाकडेही होणार नाही.

बाईंविषयी बोलायचे तर त्यांच्या कामाची, शिस्तीची, मायेची अनेक उदाहरणे देता येतील, आणि इतर वक्ते ती देतीलच. मला एकच आठवते. एकदा मी त्यांना विचारले होते, "बाई, ठसा जुळला म्हणजे पानावर लिहिलेलं खरं असतं का?" त्या म्हणाल्या, "छे. खोटं पान ठेवलं तर खोट्याचाच ठसा निघेल. होतं ते तसंच आहे, एवढंच तो सांगतो. खरं बोलणं ज्याचं त्यानं करायचं असतं."

मला हे भाषण माईकसमोर कापता आले असते. शिंपीदादांनंतरचा सगळा मजकूर गाळून मी सरळ शुभेच्छांवर आलो असतो, आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणून ते पाकीट. त्यातला ठसा मला इथे वाचून दाखवता येत नाही, कारण तो भाषणात लिहिला की भाषण बदलेल आणि ठसाही बदलेल. भाषणाची फाईल माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये आहे, आणि आपण जे ऐकले ते त्यातलेच आहे, शब्दाला शब्द.

साहेबांनी मला बोलण्याची संधी दिली, त्यांचा मी आभारी आहे. टाचणीकाकांचा आभारी आहे. मावशींनी तीस दिवस कशासाठी ते न विचारता किल्ली दिली, त्यांचाही. दादा, आपल्या बहिणीला आपल्यापेक्षा मोठी करून ठेवण्यात आता माझाही हात आहे, आपण मला माफ करावे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

भाषणाच्या शेवटी कमी-जास्त बोलले गेले असेल तर क्षमा मागण्याची रीत आहे. आज तेवढे एक घडलेले नाही. जे घडले ते चार वर्षांपूर्वी त्या पानावर घडले आणि मग तीस दिवस रोज घडले. बाई, त्याची मी आपणा सर्वांसमोर क्षमा मागतो. आपण ती दिलीत तरी पान जुळणार नाही, हे आपणच मला शिकवले आहे.

खिडकीजवळचा आपला संगणक मी चालू करून ठेवणार आहे. रजिस्टरमध्ये आजच्या तारखेची एक ओळ आखली आहे, तिचे शेवटचे दोन रकाने कोरे आहेत. पेनड्राइव्ह मी आता व्यासपीठावर आणून देतो. आपले या केंद्रातले शेवटचे काम म्हणून, बाई, पाकीट उघडावे, आणि जो रकाना निघेल तो आपल्या हाताने भरावा.